स्वयंचलित चाचणी-संचालन व निकाल-अहवाल

संगणकीय आज्ञावली अपेक्षेप्रमाणे चालते की नाही हे पाहण्यासाठी आधी लिहून ठेवलेल्या चाचणी-स्क्रिप्ट माणसाच्या देखरेखीविना चालवणे, प्रत्येक चाचणीचा निकाल टिपणे आणि त्या निकालांचा अहवाल तयार करणे, अशी ही तीन टप्प्यांची कार्यपद्धती आहे. चाचण्या कशा लिहाव्यात हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही. स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाला व्यवहारात ‘रनर’ म्हणतात आणि एका वेळी चालवलेल्या सर्व चाचण्यांच्या फेरीला ‘रन’. हेच शब्द पुढे वापरले आहेत.

उगम व कालनिश्चिती : चाचण्या यंत्राकडूनच चालवून घेण्याची प्रथा नेमकी केव्हा रुजली याबद्दल एकमत नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील अभियांत्रिकी लेखनात तिचे स्पष्ट वर्णन आढळते. डेव्हिड पांझल यांनी १९७८ मध्ये स्वयंचलित चाचणी-चालकांचे विवेचन केले. त्यात चाचणीची कृती एका खास भाषेत लिहून ती पुन्हा पुन्हा चालवण्याची कल्पना मांडलेली आहे. लोकप्रिय इतिहास मात्र बहुधा केंट बेक यांनी स्मॉलटॉक या संगणकीय भाषेसाठी रचलेल्या ‘एसयुनिट’ या चाचणी-चौकटीपासून, म्हणजे चाचण्या लिहिण्याच्या व चालवण्याच्या तयार साच्यापासून, सुरू होतो. एसयुनिटचे वर्ष कोणी १९८९, कोणी १९९४, तर कोणी १९९८ देतात. बेक यांचा या विषयावरील लेख १९९४ मध्ये छापून आला असल्यामुळे त्यानंतरचे वर्ष मानण्यास आधार राहत नाही. रचना त्याआधी काही काळ वापरात असणे संभवते. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला परिषदेसाठी जाताना विमानात बेक व एरिक गामा यांनी तीच कल्पना जावा भाषेत उतरवली आणि ‘जेयुनिट’ जन्मास आले, ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते. पुढे इतर भाषांसाठीही त्याच घडणीच्या चौकटी निघाल्या.

चाचणी लिहिण्याच्या शैलीचा इतिहास म्हणून ही मांडणी योग्य आहे. निकाल नोंदवण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहायचा असेल, तर तो वेगळ्या आणि काहीशा जुन्या वाटेने जातो. लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्याबरोबर लहान लहान चाचणी-स्क्रिप्टही दिल्या होत्या. प्रत्येक स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत आपण किती चाचण्या करणार हे ‘१..४’ अशा रूपात जाहीर करी आणि त्यानंतर दर चाचणीमागे ‘ओके १’ किंवा ‘नॉट ओके २’ अशी एकेक ओळ छापी. ही पद्धत बरीच वर्षे नावाविनाच चालू राहिली. ‘टॅप’ (टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल) हे नाव तिला २००४च्या सुमारास मिळाले असावे. तिच्या पुढील आवृत्त्यांत, विशेषतः १३ व १४ क्रमांकाच्या आवृत्त्यांत, तपशिलाची भर पडली. मूळ दोन नियम तेच राहिले. आरंभीच्या संख्येच्या त्या ओळीचे महत्त्व एसयुनिट-केंद्रित इतिहासात दुर्लक्षित राहते. रन मध्येच बंद पडला तर जाहीर केलेली संख्या आणि प्रत्यक्ष आलेल्या ओळी यांचा मेळ बसत नाही आणि अपूर्णता आपोआप उघड होते. अहवालाच्या दृष्टीने हाच उगम अधिक ग्राह्य वाटतो.

तिसरा प्रवाह प्रमाणीकरणाचा आहे. चाचणी-दस्तऐवजांविषयीचे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे ८२९ क्रमांकाचे मानक १९८३ मध्ये निघाले; १९९८ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि २०१३ मध्ये आयएसओ २९११९ मालिकेच्या तिसऱ्या भागाने त्याची जागा घेतली. चाचणीची रोजनिशी, घटनेचा अहवाल व सारांश-अहवाल हे भेद या मानकातून रूढ झाले. निकालांच्या वर्गीकरणावर मात्र याहून खोल परिणाम १९९१च्या पॉझिक्स १००३.३ या, युनिक्ससारख्या कार्यप्रणालींच्या चाचणीविषयीच्या, मानकाचा झाला. पुढे ग्नू या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पातील ‘देजाग्नू’ या चाचणी-साधनाने ते वर्गीकरण उचलले.

सर्वांत प्रचलित अहवाल-स्वरूप यांपैकी कोणत्याही मानकातून आलेले नाही. जावाच्या ‘अँट’ या बांधणी-साधनाने (लिहिलेल्या संहितेतून चालवण्याजोगी आज्ञावली तयार करणाऱ्या साधनाने) जेयुनिटचे निकाल एक्सएमएल या खुणांकित मजकुराच्या फाइलमध्ये लिहिण्याची जी सोय केली, तिचेच अनुकरण इतर साधने करू लागली. ‘जेयुनिट एक्सएमएल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्वरूपाचे अधिकृत विनिर्देशन नसल्याने दोन साधनांच्या फाइलींत बारीकसारीक फरक आढळतात आणि एका साधनाची फाइल दुसऱ्याला नीट वाचता न येणे ही नेहमीची अडचण आहे.

निकालांचे वर्ग : पास आणि फेल या दोन वर्गांत सर्व निकाल बसतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती अपुरी आहे. पॉझिक्स १००३.३च्या परंपरेत पास व फेल यांखेरीज आणखी तीन वर्ग मानले आहेत : चाचणी झाली पण निर्णय देता आला नाही तो अनिर्णीत, चाचणी चालवलीच गेली नाही तो अचाचणीत, आणि त्या यंत्रणेवर ती सोयच नाही तो असमर्थित. देजाग्नूने यांत अपेक्षित अपयश आणि अनपेक्षित यश यांची भर घातली. माहीत असलेला दोष अजून दुरुस्त झालेला नसेल, तर त्यावरील चाचणी फेल होणे अपेक्षितच असते. ती एके दिवशी अचानक पास झाली, तर तेही तपासण्याजोगे असते.

एसयुनिट, जेयुनिट व त्यांच्या घडणीच्या चौकटींच्या, म्हणजे ‘एक्सयुनिट’ घराण्यात ‘फेल्युअर’ आणि ‘एरर’ असा भेद केला जातो. अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर जुळले नाही तर फेल्युअर. उत्तर मिळण्यापूर्वीच स्क्रिप्ट किंवा यंत्रणा कोसळली तर एरर. २००६च्या जेयुनिट ४ ने हा भेद सोडून दिला, तरी पायथन भाषेच्या मूळ चाचणी-चौकटीत आणि एक्सएमएल अहवालांत तो टिकून आहे. तो टिकणे इष्टच होय, कारण पहिल्या प्रकारात दोष बहुधा आज्ञावलीत सापडतो, तर दुसऱ्यात तो डेटाबेस, जाळे किंवा खुद्द स्क्रिप्ट यांपैकी कशातही असू शकतो.

रन संपल्यावर रनर कार्यप्रणालीला एक संकेतांक परत करतो. शून्य म्हणजे सर्व सुरळीत, हा युनिक्सचा संकेत सर्वत्र पाळला जातो; बाकीच्या अंकांबाबत प्रत्येक साधनाचा नियम निराळा आहे. ग्नू ऑटोमेक या बांधणी-साधनात ७७ म्हणजे चाचणी वगळली आणि ९९ म्हणजे गंभीर बिघाड. पायथनसाठीच्या पायटेस्ट या रनरमध्ये १ म्हणजे काही चाचण्या फेल, २ म्हणजे रन मध्येच थांबवला आणि ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. या शेवटच्या अंकाची योजना विशेष मोलाची आहे. फोल्डरचे नाव चुकल्यामुळे शून्य चाचण्या चालल्या, तर ‘शून्य फेल’ हे विधान खरेच असते, आणि त्या विधानावर हिरवा दिवा लावणारी यंत्रणा वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

एक उदाहरण : निकाल कोणत्या परिस्थितीत मिळाला हे अहवालात का लिहावे लागते, ते भरती-ओहोटीच्या वेळा काढणाऱ्या आज्ञावलीवरून चांगले समजते. कोकण किनाऱ्यावर दाभोळ किंवा जयगडच्या खाडीतील फेरीबोटीसाठी अशी आज्ञावली लिहिली आहे, असे समजू. तिची उत्तरे ताडून पाहण्यास दोन आधार मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग मुंबई, मुरगाव अशा बंदरांची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो, हा काटेकोर आधार. दुसरा आडाख्याचा : तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, असा हिशेब किनाऱ्यावरचे लोक परंपरेने करतात. अष्टमीला तो सहाच्या सुमाराची भरती देतो. कोष्टकाशी तुलना करताना काही मिनिटांची आणि पाऊणपटीशी तुलना करताना त्याहून बरीच मोठी सूट (किती फरक चालेल ती मर्यादा) चाचणीत ठेवावी लागते. सूट किती ठेवली हे अहवालात नसेल, तर ‘पास’ या शब्दातून फारसे काही कळत नाही.

आता या आज्ञावलीसाठी कोणी ‘दिवसाला दोन भरत्या मिळाल्या पाहिजेत’ अशी चाचणी लिहिली, तर ती बहुतेक दिवशी पास होईल. लागोपाठच्या दोन भरत्यांत सरासरी सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. एखाद्या दिवशी भरती सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी असेल, तर आधीची भरती आदल्या रात्री सव्वाअकराला होऊन गेलेली असते आणि पुढची मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी, म्हणजे दुसऱ्या तारखेला येते. त्या तारखेच्या वाट्याला एकच भरती येते. कोकणात हे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, नेमक्या उधाणाच्या दिवसांत घडते. आज्ञावली बरोबर असूनही साधारण पंधरवड्यातून एकदा चाचणी फेल होते.

गुंतागुंत येथे संपत नाही. बहुतेक सर्व्हरांची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सर्व्हरचा ‘दिवस’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. दिवसाची गणना तशी केली, तर एकाच भरतीची तारीख अमावास्येजवळ न पडता भरती सायंकाळी साडेपाचच्या आसपास असते त्या दिवसांत, म्हणजे पाऊणपटीच्या आडाख्याने सप्तमीच्या सुमारास पडते. रत्नागिरीतील लॅपटॉपवर एका दिवशी फेल होणारी चाचणी सर्व्हरवर आठवड्याच्या फरकाने फेल होते. दोन्ही अहवालांत चाचणीची तारीख, घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेवर आहे ते आणि आज्ञावलीची आवृत्ती लिहिलेली असेल, तर कारण थोड्या वेळात सापडते. नसेल, तर ‘कधी चालते, कधी नाही’ एवढाच शेरा उरतो.

देवनागरी मजकूर : मराठी मजकुराच्या चाचण्यांत निकाल दिसतो कसा याचाही प्रश्न येतो. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्ध्या र-चे चिन्ह युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतांक-पद्धतीत दोन प्रकारे लिहिले जाते : यू+०९३१ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त व य, किंवा साध्या र-पुढे हलन्त, अदृश्य जोडचिन्ह यू+२००डी व य. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न आहेत आणि युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. अशी चाचणी फेल झाली की अहवालात अपेक्षित ‘किनाऱ्यावर’, प्रत्यक्ष ‘किनाऱ्यावर’ असे छापून येते आणि वाचणारा गोंधळतो. म्हणून मराठीसाठी अहवाल लिहिणाऱ्या साधनाने न जुळणाऱ्या मजकुराचे संकेतांकही छापले पाहिजेत. अंकांबाबतही सावध राहावे लागते : पायथन ३ मधील अंकांचा शोध-नमुना देवनागरी अंक ओळखतो, जावास्क्रिप्टमधला ओळखत नाही.

अस्थिर चाचण्या : आज्ञावलीत काहीही बदल न होता जिचा निकाल कधी पास तर कधी फेल येतो, तिला परीक्षक ‘फ्लेकी’ म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्या कंपनीतील सुमारे १.५ टक्के रनमध्ये असे निकाल येत होते आणि जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक अस्थिरता होती. अपाची या संस्थेच्या मुक्त आज्ञावली-प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्यांच्या २०१४च्या अभ्यासात, पुरेशी वाट न पाहता उत्तराची अपेक्षा करणे हे सर्वांत मोठे कारण आढळले. समांतर चालणाऱ्या प्रक्रियांतील गोंधळ आणि चाचण्यांचे एकमेकींच्या क्रमावर अवलंबून असणे ही त्याखालोखालची. फेल झालेली चाचणी आपोआप पुन्हा चालवावी आणि दुसऱ्यांदा पास झाल्यास पास धरावी, असा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते अशाने खरे दोषही झाकले जातात. पुन्हा चालवण्यास हरकत नसावी. मात्र पहिला निकाल पुसला जाऊ नये आणि दोन्ही प्रयत्न अहवालात राहावेत, ही मधली भूमिका अधिक सयुक्तिक दिसते. भरतीची वर दिलेली चाचणी या वर्गात मोडत नाही : तिचे अपयश तारखेवरून आधीच सांगता येते.

सतत चालणारे रन : आज्ञावलीतील प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या चालवणारी सर्व्हर-साधने २००१ मधील क्रूझकंट्रोलपासून रूढ झाली. कोहसुके कावागुची यांचे हडसन त्यानंतर आले. २०११ मध्ये त्यातून जेनकिन्स हे साधन वेगळे निघाले.

कोकणातील व्यवहार : लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठामुळे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे या क्षेत्रात कोकणातील तरुण आहेत. त्यांची कामाची ठिकाणे प्रामुख्याने मुंबई व पुणे ही राहिली. २०२० नंतर गावी राहून काम करण्याची प्रथा वाढली. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात वीज दीर्घकाळ खंडित होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले. पावसाळ्यात वीज व जाळे जाणे येथे एरवीही नवीन नाही. त्यामुळे निकाल केव्हा लिहिला जातो हा येथे रोजच्या कामाचा प्रश्न ठरतो. एक्सएमएल अहवाल लिहिणारी बरीच साधने सगळी फाइल रनच्या अखेरीस लिहितात. वीज आधी गेली तर झालेल्या चाचण्यांचे निकालही हातचे जातात. टॅपच्या पद्धतीत ओळ लगेच लिहून होते आणि आरंभीच्या संख्येवरून किती चाचण्या राहिल्या ते दिसते. लांब रन दूरच्या सर्व्हरवर लावणे आणि गावी केवळ मजकूर-रूपातील लहान अहवाल मागवणे हाही उपाय आहे. राहिलेल्या चाचण्या नंतर चालवल्यास तो वेगळा रन म्हणून नोंदवावा लागतो. मधल्या वेळात आज्ञावलीची आवृत्ती बदललेली असू शकते, आणि तशी ती बदलली असल्यास दोन्ही रनच्या निकालांची बेरीज करता येत नाही.