महाभियोग कोणावर झाला, निक्सन की क्लिंटन?

‘महाभियोगामुळे निक्सन गेले, क्लिंटन मात्र महाभियोगातून सुटले.’ हे वाक्य मराठीत इतक्यांदा छापून येतं की आता ते कुणाला खटकतही नाही. हे दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष. प्रत्यक्षात रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोग झालाच नाही. बिल क्लिंटन यांच्यावर झाला, आणि तरीही ते मुदत संपेपर्यंत, म्हणजे २० जानेवारी २००१ पर्यंत, अध्यक्षपदावर होते.

गोंधळ शब्दाचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ नुसार राष्ट्रपतींवर एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, आणि दोन्हीकडे एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. या अख्ख्या प्रक्रियेला आपण महाभियोग म्हणतो, त्यामुळे ‘महाभियोग झाला’ ऐकलं की माणूस पदावरून गेला असंच वाटतं. अमेरिकेत हा शब्द फक्त पहिल्या पायरीचा. प्रतिनिधीगृहानं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, साध्या बहुमतानं आरोपाचं एक जरी कलम मंजूर केलं, की महाभियोग झाला. म्हणजे आरोपपत्र दाखल झालं, एवढंच. पुढचा खटला सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. तिथे हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांनी दोषी ठरवलं तरच खुर्ची जाते. शंभरही जण हजर असतील तर ६७ मतं.

निक्सन यांचं प्रकरण पहिल्या पायरीच्याही अलीकडे थांबलं. जुलै १९७४ च्या अखेरीस प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीनं तीन कलमं मंजूर केली, पण ती समिती होती, सभागृह नव्हे. त्याआधी २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं निक्सन यांना त्यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला लावल्या होत्या. त्यातली २३ जून १९७२ ची फीत ५ ऑगस्टला बाहेर आली. वॉटरगेट इमारतीतल्या, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीला जेमतेम सहा दिवस झाले असताना, सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास रोखायचा बेत निक्सन त्यात ठरवताना ऐकू येतात. मग त्यांच्याच पक्षाचे नेते भेटायला आले आणि सिनेटमधला हिशेब त्यांनी समोर मांडला. पद वाचवायला ३४ मतं हवी होती, ती जुळत नव्हती. ९ ऑगस्टला एका वाक्याचं राजीनामापत्र परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्याकडे गेलं. अध्यक्षाचा राजीनामा परराष्ट्रमंत्र्याकडेच द्यायचा असतो. पत्रावर ११.३५ ही वेळ आणि किसिंजर यांची आद्याक्षरं आहेत.

क्लिंटन यांच्यावर १९ डिसेंबर १९९८ ला चार कलमं मतदानाला आली. मोनिका लेविन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांबद्दल ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) खोटी साक्ष दिल्याचं कलम २२८ विरुद्ध २०६ आणि न्यायात अडथळा आणल्याचं २२१ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं. उरलेली दोन पडली. सिनेटचा निकाल १२ फेब्रुवारी १९९९ ला लागला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट पीठावर, झग्याच्या बाह्यांवर चार-चार सोनेरी पट्टे. एकेक सिनेटर उभा राहून ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ म्हणत होता. आर्लेन स्पेक्टर यांनी मात्र स्कॉटलंडच्या कायद्यातला ‘सिद्ध झालेलं नाही’ हा तिसराच शब्द काढला. तो ‘निर्दोष’मध्येच धरला गेला. पहिल्या कलमावर ‘दोषी’ची ४५ मतं, दुसऱ्यावर ५०. रिपब्लिकन सिनेटर ५५ होते, म्हणजे ६७ सोडाच, स्वपक्षाचे सगळेही जमले नाहीत.

फरक फक्त शब्दाचा नाही, पैशाचाही आहे. सिनेटनं काढलेल्या अध्यक्षाला माजी अध्यक्षाचं निवृत्तिवेतन मिळत नाही. राजीनामा दिल्यामुळे निक्सन यांचं टिकलं. त्यांच्या जागी अध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ ला त्यांना माफी दिली, तिलाही लोक ‘महाभियोगाची माफी’ म्हणतात. ते चूक आहे, कारण घटनेनुसार माफीचा अधिकार महाभियोगाला लागूच होत नाही. ती फौजदारी खटल्यापासूनची माफी होती.

बातमीत ‘महाभियोग मंजूर’ दिसलं की आधी तो कोणत्या सभागृहात ते पाहावं. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर तो २०१९ आणि २०२१ असा दोनदा मंजूर झाला, दोन्ही वेळा सिनेटनं सोडलं. दुसऱ्यांदा तर ५७ विरुद्ध ४३ असं ‘दोषी’च्या बाजूनं बहुमत असूनही. सिनेटनं आजवर एकाही अध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही.

आणि निर्दोष सुटणं म्हणजे सगळं माफ, असंही नाही. पद सोडण्याच्या आदल्या दिवशी क्लिंटन यांनी याच प्रकरणावरून अर्कान्सामधली आपली वकिलीची सनद पाच वर्षं निलंबित होणं आणि २५,००० डॉलरचा दंड मान्य केला.