ओंडका बारीक झाला आणि निर्यातीचा आलेख फिरला

ज्या देशाकडे घनदाट जंगल, तोच प्लायवूड विकणार, असा सर्वसाधारण समज असतो. इंडोनेशिया आणि चीन यांच्या प्लायवूड निर्यातीचे आलेख शेजारी ठेवले की तो टिकत नाही.

1970च्या दशकात इंडोनेशिया मुख्यतः ओंडके विकत असे. 1980पासून तिथल्या सरकारने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली आणि 1985मध्ये ती पूर्ण बंद केली. कालिमंतान आणि सुमात्रामध्ये कारखाने उभे राहिले, मेरांती या जंगली झाडाच्या जाडजूड ओंडक्यांचे प्लायवूड जपानला जाऊ लागले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला 80 लाख घनमीटरांच्या पुढे होती आणि चीन तेव्हा इंडोनेशियाचे गिऱ्हाईक होता. पुढे 1998मध्ये यांगत्से नदीला महापूर आला आणि चीनने नैसर्गिक जंगलांतली तोड मोठ्या प्रमाणावर थांबवली. त्यानंतर चीनची प्लायवूडची आयात वाढायला हवी होती. झाले उलटेच. काही वर्षांतच चीन जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला.

स्वस्त मजुरी, रशियातून येणारे ओंडके, इंडोनेशियात संपत आलेली मोठी झाडे ही कारणे खरीच आहेत. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते एक यंत्र: स्पिंडल, म्हणजे ओंडक्याला टोकांशी पकडून फिरवणारा दांडा, नसलेला लेथ.

प्लायवूडसाठी ओंडका फिरवत ठेवून लांब पात्याने त्याची पातळ पत्री सोलतात, शार्पनरमधून पेन्सिलीची साल निघते तशी. जुन्या लेथवर ओंडक्याची दोन्ही टोके चिमट्यांत पकडून तो फिरवतात. फिरवणारे बल टोकांना आणि पात्याचा विरोध मधल्या सगळ्या लांबीवर, त्यामुळे लाकडाला पीळ पडतो. शिवाय दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. व्यास निम्मा झाला की तेवढ्याच बलाने ओंडका सोळापट वाकतो आणि पत्री कुठे जाड, कुठे पातळ निघते. म्हणून बराच गाभा सोडून द्यावा लागतो.

नव्या लेथवर चिमटेच नाहीत. दातेरी रूळ ओंडक्याला बाहेरून, पूर्ण लांबीभर दाबून फिरवतात. बल परिघावर लागते आणि वाकू पाहणाऱ्या ओंडक्याला रुळांचाच आधार मिळतो. ओंडका बारीक होत जातो तसे रूळ आत सरकतात.

12 सेंटिमीटर व्यासाचा ओंडका घेऊ. 10 सेंटिमीटरचा गाभा सोडला तर 69 टक्के लाकूड वाया जाते आणि 1.5 मिलिमीटर जाडीची पत्री जेमतेम 2.3 मीटर निघते. 3 सेंटिमीटरपर्यंत सोलता आले तर वाया जाते 6 टक्के आणि पत्री होते 7 मीटर! जो ओंडका कालपर्यंत सरपणाच्या लायकीचा होता, तो आता कच्चा माल झाला. शानतुंग प्रांतातले लिनयी, च्यांगसू प्रांतातले फिचौ ही केंद्रे शेताच्या बांधावर लावलेल्या पॉप्लरवर वाढली. मेरांतीला जाड व्हायला अनेक दशके लागतात, पॉप्लर दहाएक वर्षांत तोडणीला येतो.

इथे एका प्रचाराला आवर घालायला हवा. आतला थर लागवडीच्या झाडाचा, म्हणून अख्खा बोर्ड ‘हरित’, असे सांगून माल विकला जातो. वरचा दर्शनी थर मात्र बराच काळ आफ्रिकेतल्या गॅबनच्या जंगलातल्या ओकूमे या झाडाचा किंवा आग्नेय आशियातल्या लाकडाचा असे. गॅबनने 2010मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा त्याचा फटका चिनी कारखान्यांनाही बसला.

आलेख वाचताना डॉलरऐवजी घनमीटर पाहावेत, कारण मेरांती आणि पॉप्लर यांच्या भावात मोठा फरक असतो. पण घनमीटरही सगळे सांगत नाहीत. जावा बेटावरचे शेतकरी आता सेंगोन हे झपाट्याने वाढणारे झाड लावतात. त्याच्या पट्ट्या जोडून केलेले गाभ्याचे तक्ते मोठ्या प्रमाणावर चीनला जातात, तिथे त्यांवर दोन्ही बाजूंनी पत्री चढते. त्यातला बोर्ड परदेशी गेला की तो चीनच्या निर्यातीत मोजला जातो, आतले लाकूड जावातले असले तरी.