टेलिफोटो लेन्सचा ऑटोफोकस

टेलिफोटो लेन्सचा, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सचा, ऑटोफोकस (आपोआप फोकस लावणं) किती चांगला हे तीन गोष्टींवरून ठरतं, लांबचा विषय किती पटकन पकडला, तो हलत असताना किती वेळ धरून ठेवला आणि सुटला तर किती लवकर परत पकडला. लेन्स घ्यायला गेलेले बहुतेक जण फक्त पहिलीच गोष्ट बघतात, समोरच्या भिंतीवर शटर अर्धं दाबायचं, पटकन फोकस लागला की खूश. पण स्थिर आणि उजेडातल्या भिंतीवर आजकालची जवळपास कुठलीही लेन्स फास्टच वाटते, महागड्या लेन्सचे जास्तीचे पैसे जातात ते उरलेल्या दोन गोष्टींसाठी.

टेलिफोटोलाच हा त्रास एवढा का, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका वेळी शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी एफ/४ लेन्सने (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं प्रकाश आत येण्याचं भोक मोठं) १० मीटरवरचा पक्षी टिपला तर शार्प पट्टा जेमतेम ६-७ सेंमीचा असतो, म्हणजे डोळा शार्प आला तरी शेपटी सॉफ्ट. ४०० मिमी एफ/२.८ ने २० मीटरवर हाच पट्टा साधारण ४० सेंमीचा होतो, ऐकायला बरं वाटतं, पण ताशी ३६ किमीने आपल्याकडे धावत येणारा खेळाडू सेकंदाला १० मीटर कापतो आणि सेकंदाला २० फ्रेम काढल्या तरी दोन फ्रेमच्या मधे तो अर्धा मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला फोकस नव्याने लावावा लागतो. विषय पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बांधते आणि लेन्सच्या मोटरला तेवढ्यात तिथे जाऊन नेमकं थांबायचं असतं. हे थांबणंच अवघड, नुसती पळणारी मोटर पुढे निघून गेली की परत मागे यायला लागतं आणि तोवर क्षण गेलेला असतो.

मोटरचा इतिहास इथे कामाचा आहे. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मधे मोटर बॉडीत होती आणि ती एका दांड्याने लेन्समधली काच फिरवायची, लहान लेन्सला हे चालून जायचं पण मोठ्या टेलिफोटोच्या जड काचा अशा लांबून हलवणं कठीण. कॅननने १९८७ मधे ईओएस कॅमेरे आणताना मोटर सरळ लेन्समधेच टाकली आणि त्याच वर्षी ३०० मिमी एफ/२.८ ला अल्ट्रासोनिक (कंपनांवर चालणारी) मोटर दिली, स्पोर्ट्सवाले कॅननकडे वळले त्यात या मोटरचा हात मोठा. निकॉनच्या मोठ्या टेलिफोटोंमधे स्वतःची मोटर आली ती १९९२ ला. आता दांडा गेला, वरच्या दर्जाच्या लेन्समधे लिनिअर मोटर किंवा व्हॉइस कॉइल (काच सरळ पुढे-मागे सरकवणाऱ्या मोटरी) असते, उदाहरणार्थ सोनीची २०१८ ची ४०० मिमी एफ/२.८ आणि निकॉनची २०२२ ची झेड ४०० मिमी एफ/२.८. निकॉन १८०-६०० सारख्या परवडणाऱ्या झूममधे स्टेपिंग (पायरी-पायरीने फिरणारी) मोटर असते, ती वाईट नाही, शांत आहे आणि रोजच्या कामाला पुरते, पण जवळून एकदम लांब जायचं म्हटलं की फरक कळतो.

अपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या त्या भोकाचा, मुद्दा लोक मागचं धूसर करण्यापुरता धरतात, फोकससाठीही तो तितकाच महत्त्वाचा. डीएसएलआरमधे (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांमधे) बहुतेक फोकस पॉइंट (फ्रेममधल्या फोकस तपासणाऱ्या जागा) एफ/५.६ पर्यंतच चालायचे, एफ/८ ला काही बॉडींवर फक्त मधलाच पॉइंट उरायचा. त्यामुळे एफ/४ लेन्सला २ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच दुप्पट करणारा जोड) लावला, दोन स्टॉप गेले म्हणजे एफ/४ चा एफ/८ झाला, की संपलं. मिररलेसमधे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमधे) फोकस सेन्सरवरच होतो म्हणून ही भिंत पडली, कॅननने २०२० मधे चक्क एफ/११ च्या ६०० आणि ८०० मिमी लेन्स ऑटोफोकससकट आणल्या. पण उजेड तो उजेडच, संध्याकाळी अशी लेन्स पुढे-मागे फोकस शोधत (हंट करत) बसते. बॉडीच्या कागदावर उणे ६ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं खाली तितका अंधार) फोकस असं छापलेलं असतं, तो आकडा बऱ्याचदा एफ/१.२ लेन्स लावून मोजलेला असतो, एफ/६.३ वर सेन्सरला त्याच्या साधारण सत्ताविसावा हिस्सा प्रकाश मिळतो.

लेन्स एकटी फास्ट नसते, जोडी फास्ट असते. तीच लेन्स जुन्या बॉडीवर रडते आणि नव्या बॉडीवर डोळा सोडत नाही. दुसऱ्या कंपनीची लेन्स घेताना हे आधी बघावं, सोनीच्या बॉडीवर अशा लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमचीच मर्यादा आहे, म्हणजे ज्या बर्स्टसाठी (सलग भराभर फ्रेम काढण्यासाठी) बॉडीला पैसे मोजले तो वापरताच येत नाही.

लेन्सवरचं फोकस लिमिटरचं बटण बरेच जण कधी हलवतच नाहीत. सोनी २००-६०० वर ते फोकस १० मीटरच्या पुढे किंवा अलीकडे बांधून ठेवतं, मग पक्षी सुटला तरी लेन्स जवळच्या फांदीपर्यंत शोधत जात नाही. माझ्या मते पक्षी टिपणाऱ्याला आणखी महागडी लेन्स घेण्यापेक्षा या बटणाने जास्त फायदा होतो.

टेस्ट करायची तर भिंत सोडा, कुणाला तरी सरळ आपल्याकडे धावत किंवा सायकलवर यायला सांगा, शंभरेक फ्रेम काढा आणि प्रत्येक फ्रेम १०० टक्के झूम करून मोजा. मात्र भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून टेस्ट नको, गरम हवेच्या लाटांमुळे लांबचं सगळंच थरथरतं आणि कितीही भारी लेन्स असो, फोकस डळमळतो. एकदा मी अशाच फोटोंवरून लेन्सला दोन दिवस शिव्या घातल्या होत्या, सकाळच्या गारव्यात तीच लेन्स सुतासारखी सरळ.

सेकंडहँड लेन्स बघताना मोटरचा आवाज ऐका, फोकस जवळून लांब आणि परत असा दहा-वीस वेळा फिरवा, मधे अडखळला तर सोडून द्या. बऱ्याच लेन्सची फोकस रिंगसुद्धा मोटरमार्फतच चालते, त्यामुळे मोटर गेली की मॅन्युअल फोकसही जातो.