एकच चावा, कारणं वेगळी

‘दोन रट्टे दिले की सरळ होईल!’ चावणाऱ्या, डोकं आपटणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा सल्ला हमखास मिळतो. सगळी मुलं एकाच कारणाने तशी वागतात, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ते चूक आहे.

१९८२ साली अमेरिकेतल्या ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी डोकं आपटून, चावून स्वतःला इजा करून घेणाऱ्या, विकासात अडचणी असलेल्या ९ मुलांना १५-१५ मिनिटं चार वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. पहिलीत मुलाने इजा केली की मोठं माणूस ‘असं करू नकोस’ म्हणत जवळ यायचं. दुसरीत अभ्यास द्यायचा. इजा केली की अभ्यास थोडा वेळ थांबायचा. तिसरीत मूल एकटं. चौथीत खेळणी, कौतुक आणि कसलीच सक्ती नाही. ६ मुलांमध्ये इजेचं प्रमाण विशिष्ट परिस्थितीतच सातत्याने जास्त दिसलं, पण ती सगळ्यांची एकच नव्हती!

म्हणजे अभ्यास टाळण्यासाठी चावणाऱ्याला कोपऱ्यात उभं करणं हे त्याच्यासाठी बक्षीसच. लक्ष हवं असलेल्याला ओरडा मिळाला, तरी लक्ष मिळालंच. त्यात आपण नऊ वेळा नकार देऊन दहाव्यांदा नमलो, तर ते वागणं अधिकच चिवट होतं. मिळणारं फळ ठामपणे बंद केलं की सुरुवातीला वागणं आणखी उफाळू शकतं. नेमके तेव्हाच दमलेले पालक माघार घेतात आणि मूल त्या वरच्या पट्टीतलं वागणं शिकतं. म्हणून इथे जाणकाराची सोबत लागते. तो चाव्यामागचं कारण शोधून तेच मागण्याची दुसरी वाट शिकवतो : न बोलणाऱ्या मुलाला ‘पुरे’ सांगण्यासाठी चित्राचं कार्डही चालतं.

गंडेदोरे आणि मेंदू ‘जागवण्याचा’ दावा करणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे महागडे वर्ग यातलं काहीही करत नाहीत.

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानदुखी, कमी ऐकू येणं, अपुरी झोप यांतूनही असं वागणं येतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत तपासणी करतात आणि गरज असल्यास मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. खासगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी निःसंकोच विचारा. घरात कोणाशी बोलावं कळत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा : चावण्याच्या आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय टळलं. पहिल्या भेटीत हे तीन रकाने सर्वांत उपयोगी पडतात.