पार्श्वभूमी : एका गुणाचा जांभा

पन्हाळ्याची सहल झाली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. जांभा कोणत्या प्रकारचा खडक? अग्निजन्य, गाळाचा की रूपांतरित? उत्तर एका गुणाचे असते, पण त्यावर शिक्षक, पालक आणि क्लासवाले यांचे एकमत होताना मी अजून पाहिलेले नाही.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या 1917 च्या सक्तीच्या मोफत शिक्षणापासून सुरुवात करायची इथे रीत आहे. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडतो. जांभ्याचा घोळ तिच्याहून जुना आहे. केरळात लोक जमिनीतून मऊ तांबडा दगड विटांसारखा कापून काढतात आणि तो उघड्यावर कडक होतो, हे एका स्कॉटिश डॉक्टरने पाहिले. 1807 मध्ये त्याने त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. म्हणजे नाव पडले ते वापरावरून. दगड तयार कसा झाला, याचा त्या नावात पत्ताच नाही.

आपल्याकडे तो झाला काळ्या कातळातूनच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून बेसाल्ट तयार झाला. पुढे उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी तो जागच्या जागी कुजवला. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. लोहाने त्याला तांबडा रंग दिला आणि जिथे ॲल्युमिनियम जास्त उरले तिथे बॉक्साइट झाले. राधानगरी, शाहूवाडीच्या खाणी त्याच्याच.

आता हा रकान्यात कुठे बसवायचा? मूळ खडक लाव्हाचा म्हणून काहीजण अग्निजन्य म्हणतात. बेसाल्टचे ‘रूपांतर’ झाले म्हणून काहीजण रूपांतरित. पण त्याला प्रचंड दाब आणि उष्णता लागते, इथे तर पावसाने काम केले. ‘गाळाचा’ म्हणणाऱ्यांकडे थोडा आधार आहे. कोकणातल्या सखल भागातला काही जांभा वाहून आलेल्या मालाचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. पण पन्हाळा, मसाई पठारावरचा थर डोंगरमाथ्यावर आहे. वाहून येणार तो कुठून? त्यातच मृदांच्या धड्यात हीच वस्तू ‘जांभी मृदा’ होऊन परत भेटते. मला विचाराल तर ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ या प्रश्नासाठी जांभ्याइतका लायक शब्द नाही.

सजीवांच्या धड्यात अळंबीचे असेच झाले. वडिलांच्या पिढीने तिला वनस्पतींत लिहून गुण घेतले. 1969 मध्ये पाच सृष्टींची मांडणी आली आणि कवकांना वेगळी सृष्टी मिळाली. आता वडिलांचे उत्तर मुलाने लिहिले तर चूक. प्लूटोला 2006 मध्ये ग्रहांतून वगळले, तेव्हाही जुनी गाइडे एका रात्रीत चुकीची ठरली. ते बदल निदान जाहीर झाले. जांभ्याच्या बाबतीत असे काहीच झाले नाही, तो आपला तीन रकान्यांच्या मधोमध पडून आहे.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर मुलांचे प्रश्न मात्र बदलले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे पाचवीतले पोरही सांगते, कारण दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलेले घरात सगळ्यांनी पाहिले. त्याचा पुढचा प्रश्न असतो, पाणी एवढे गढूळ तांबडे का? उत्तरासाठी पुन्हा घाटमाथ्याच्या तांबड्या मातीकडेच जावे लागते. म्हणून प्रकार विचारण्याऐवजी ‘पन्हाळ्याच्या माथ्यावर तांबडा जांभा आणि खाली काळा कातळ का? कारण लिहा’ असे तीन गुणांना विचारले, तर निम्मी भांडणे मिटतील. तपासायला वेळ लागेल, एवढीच अडचण.