शेती आणि अन्नपुरवठ्याची सायबरसुरक्षा

ट्रॅक्टर, ठिबकचे कंट्रोलर, गोठ्यातले रोबो, धान्याची कोठारं, कत्तलखाने, कोल्ड स्टोरेज, किराणा पोचवणारी गोदामं हे सगळं आता कॉम्प्युटरवर चालतं, ते हॅकर्सपासून वाचवणं आणि हल्ला झालाच तर माल खराब व्हायच्या आत काम परत सुरू करणं म्हणजे ही सायबरसुरक्षा. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. कपड्याच्या दुकानाची सिस्टीम चार दिवस बंद पडली तर धंदा बुडतो पण कपडे कुजत नाहीत, गाईची धार मात्र सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते आणि वाळलेलं सोयाबीन शेतात फार दिवस थांबत नाही. कॉम्प्युटरमधला डेटा लॉक करून तो सोडायचे पैसे मागणाऱ्या खंडणीवाल्यांना हे बरोब्बर कळलंय.

सप्टेंबर 2021 मधली अमेरिकेतली केस बघा. आयोवा राज्यात फोर्ट डॉजला न्यू कोऑपरेटिव्ह नावाची शेतकऱ्यांची धान्य संस्था आहे, मका-सोयाबीनची काढणी तोंडावर आली असताना ब्लॅकमॅटर टोळीने तिचा डेटा लॉक करून 59 लाख डॉलर मागितले. संस्थेने सगळ्या सिस्टीम बंद केल्या आणि टोळीशी चॅटवर वाद घातला की बाबांनो देशातलं 40 टक्के धान्य उत्पादन आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं, 1.1 कोटी जनावरांच्या खाद्याचं वेळापत्रक आमच्यावर आहे, तुम्हीच म्हणता ना अत्यावश्यक सेवांना हात लावत नाही म्हणून? टोळीचं उत्तर, तुम्ही त्या नियमात बसत नाही. चोरांची नियमावली, अजून काय! संस्थेने मग पर्यायी पद्धतीने धान्य घेणं आणि पशुखाद्य पोचवणं चालू ठेवलं. थोड्याच दिवसांत मिनेसोटातल्या क्रिस्टल व्हॅली संस्थेवरही हल्ला झाला. एप्रिल 2022 मध्ये एफबीआयने इशारा दिला त्यात 2021 च्या सुगीत 6 धान्य संस्थांवर आणि 2022 च्या सुरुवातीला, म्हणजे पेरणीच्या आधी, आणखी 2 संस्थांवर हल्ले झाल्याचं होतं. वेळ बघूनच घाव घालतात.

त्याआधी मे 2021 मध्ये अशाच हल्ल्यामुळे जेबीएस या जगातल्या सगळ्यात मोठ्या मांस कंपनीचे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातले कारखाने थांबले होते, कंपनीने रेव्हिल टोळीला 1.1 कोटी डॉलर दिले, तेही बहुतेक कारखाने परत चालू झालेले असताना, डेटा बाहेर फुटू नये म्हणून. नेदरलँड्समध्ये तर एप्रिल 2021 ला बॅकर या वाहतूक कंपनीवर हल्ला झाला, गोदामात कुठला माल कुठे ठेवलाय हेच कळेना, आणि चीजच्या देशात काही सुपरमार्केटमधलं चीज संपलं.

ट्रॅक्टरचा मामला जरा वेगळा आहे. 2022 मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत एका संशोधकाने जॉन डिअरच्या ट्रॅक्टरच्या स्क्रीनवर डूम गेम चालवून दाखवला, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरवर ताबा मिळवता येतो. त्याच वर्षी युक्रेनमधल्या मेलितोपोलहून रशियन सैन्याने पळवलेली यंत्रं डीलरने लांबूनच लॉक केल्याची बातमी आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण लांबून लॉक करायची सोय आहे म्हणजे ती भलत्याच्या हातात पडायची भीतीही आलीच, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

उपाय तसे साधेच: नेटला न जोडलेला बॅकअप, ऑफिसचं नेटवर्क आणि मशीनचं नेटवर्क वेगळं, कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणं, सर्व्हिसवाल्याला दिलेला रिमोट अ‍ॅक्सेस काम झालं की बंद, आणि कागदावर वजन-पावती करता येणारी माणसं. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. अमेरिकेत अन्न-शेती कंपन्यांनी हल्ल्यांची माहिती एकमेकांना द्यावी म्हणून 2023 मध्ये वेगळं केंद्र निघालं, भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना 6 तासांत कळवायची असते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला सध्या ट्रॅक्टरपेक्षा मोबाइलचाच धोका जास्त. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल, येते, ती टाकली की ओटीपी चोरांकडे जातात आणि बँकेतलं खातं रिकामं, अशा वेळी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.