सिझरची भूल आणि पायातली बधिरता: पार्श्वभूमी

कमरेतून भूल देणं, म्हणजे स्पायनल, सुरू झालं १८९८ मध्ये. सिझरसाठी ते सर्रास झालं गेल्या तीन-चार दशकांत. मध्ये, १९४७ साली, इंग्लंडात एकाच दिवशी एकाच रुग्णालयात अशी भूल दिलेल्या दोन पुरुषांचे पाय कायमचे लुळे पडले. भुलीच्या औषधाच्या कुप्या ज्यात बुडवून ठेवत ते जंतुनाशक फिनॉल न दिसणाऱ्या भेगांतून आत झिरपलं असं धरून १९५४ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांना दोषमुक्त केलं. तरी तिथल्या भूलतज्ज्ञांनी बरीच वर्षं स्पायनलचा धसका घेतला. पुढे पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुया आल्या, स्पायनलनंतरची डोकेदुखी घटली आणि स्पायनल परतली.

सुई सुधारली, पण ती टोचायची कुठे हा घोळ तसाच राहिला. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. काहींचा आणखी खाली उतरतो. जागा ठरते ती कमरेच्या दोन्ही हाडांचे कंगोरे चाचपून मनात आखलेल्या रेघेवरून, आणि गरोदरपणी ही रेघ नेमकी वर सरकलेली लागते. २००० साली १०० रुग्णांवर केलेल्या पडताळणीत अनुभवी भूलतज्ज्ञांचा अंदाज जेमतेम २९ टक्के वेळा बरोबर निघाला. चुकला तेव्हा खरी जागा बहुधा धरलेल्या जागेच्या वर निघाली. इतक्या ढोबळ अंदाजावर इतकी वर्षं काम चाललं, हे पचायला जड जातं.

पुढच्याच वर्षी सात बायकांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सहा बाळंतपणाच्या. सुई कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्येच आहे, असा बहुतेकींच्या बाबतीत समज होता. टोचताना प्रत्येकीला कळ आली होती. पण मणक्यातलं पाणी मोकळं येत होतं, भूलही एक सोडता सगळ्यांना नीट चढली, म्हणून शंका घेण्याजोगं काही वाटलं नाही. नंतर सातही जणींचा एक पाय बधिर राहिला, सहाजणींना पाऊल उचलता येईना. सहाजणींच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या टोकाला इजा दिसली, तीही बधिर पायाच्याच बाजूला. तेव्हापासून तिसऱ्या मणक्याच्या वर जाऊ नये, कळ आली तर तिथेच थांबावं, हा आग्रह वाढला.

पाय बधिर झाला की बोट सुईकडेच जातं. पण २००३ मध्ये अमेरिकेत सुमारे ६००० बाळंतिणींच्या पाहणीत शेकडा एकीला नसेचा त्रास आढळला, आणि त्याचा संबंध दिसला तो पहिलटकरणीशी व बाळंतपणात जोर लावण्याचा टप्पा लांबण्याशी.

अलीकडची भीती वेगळीच आहे. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्झामिक ॲसिड ऑपरेशन थिएटरात आलं आणि सारख्याच दिसणाऱ्या कुपीमुळे भुलीच्या औषधाऐवजी तेच मणक्यात गेल्याच्या घटना घडल्या. त्यात झटके येतात, बाई दगावतेही. म्हणून ही कुपी भुलीच्या ट्रॉलीपासून लांब ठेवायला सांगतात.